क्रोशाची सुई आणि मेंढ्यांची वाट

कोन्याकुव नावाच्या पोलिश गावात 2003 च्या सुमारास मोठं भांडण लागलं, आणि ते लागलं अंतर्वस्त्रावरून. या गावातल्या बायकांच्या हातची क्रोशाची लेस चर्चच्या वेदीवर अंथरली जायची, धर्मगुरूंच्या पांढऱ्या झग्यांच्या काठाला लागायची, पोप जॉन पॉल दुसरे यांना भेट म्हणून गेली होती. त्याच गावातल्या काही जणींनी त्याच सुईनं, त्याच दोऱ्यानं, तीच फुलं विणून बायकांच्या तोकड्या चड्ड्या करायला सुरुवात केली. आज्या संतापल्या. आमच्या नावाला बट्टा लावला, देवाच्या कामाची लेस कुठे नेऊन ठेवली, अशी बोलणी झाली. वर्तमानपत्रं आली, टीव्हीचे कॅमेरे आले, परदेशातून मागण्या यायला लागल्या. वाद नैतिकतेचा होता, तसाच तो मालकीचाही होता. ‘कोन्याकुवची लेस’ म्हणजे नेमकं काय आणि ते ठरवायचं कोणी, हा त्यातला खरा प्रश्न.

भांडणाच्या मुळाशी पैसा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलावरच्या नक्षीदार रुमालांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चड्डीला होतं. ज्यांना त्या वेळी हे पाप वाटलं, त्यांच्याकडेही विकायला रुमालच पडून होते.

हे कोन्याकुव आणि त्याला लागून असलेली इस्तेब्ना आणि याव्होझिंका ही दोन गावं मिळून एक ग्मिना होते. तिचं नाव इस्तेब्ना. क्षेत्र सुमारे 84 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे 12 हजार. पोलंडच्या दक्षिण टोकाला, सिलेसियन बेस्किड डोंगरांत, चेक आणि स्लोव्हाक हद्दीला टेकलेली ही ‘त्रोइव्हेश’, म्हणजे तीन गावांची जोडणी. पोलंडचा ग्रामीण भाग कसा जगतो, तिथली माणसं कशाला परंपरा म्हणतात आणि ती टिकवायला काय मोजतात, हे पाहायचं तर एवढा लहानसा मुलूख पुरेसा आहे.

महाराष्ट्राला पोलंडची ओळख आहे ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. ती माणसं पोलंडच्या पूर्व सीमेवरची होती, सोव्हिएत राजवटीनं घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली. इस्तेब्ना देशाच्या बरोबर दुसऱ्या अंगाला आहे.  इथल्या माणसांच्या बाबतीत सीमाच हलत राहिल्या.

ग्मिना म्हणजे काय

पोलंडमध्ये वरपासून खाली तीन पायऱ्या आहेत. 16 प्रांत, त्यांच्या खाली जिल्हे, आणि तळाला सुमारे अडीच हजार ग्मिना. काही ग्मिना शहरी, काही निमशहरी, आणि बहुतेक निखळ ग्रामीण. आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखी ही रचना आहे, फक्त हातात सत्ता आणि पैसा बराच जास्त. प्राथमिक शाळा, बालवाड्या, गावातले रस्ते, पाणी, सांडपाणी, कचरा, ग्रंथालय, सांस्कृतिक केंद्र हे सगळं ग्मिनाच्या अंगावर असतं. प्रमुखाला ‘वुइत’ म्हणतात आणि 2002 पासून त्याला लोक थेट मतदानानं निवडतात. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ग्मिनेत 15 जणांची परिषद असते. प्रत्येक गावाचा स्वतंत्र ‘सोउतिस’ असतो, तो गावसभेनं निवडलेला.

हे सगळं जुनं वाटतं, पण आजच्या रूपात ते 1990 पासूनचं आहे. कम्युनिस्ट काळात ग्मिना नावापुरती होती आणि हुकूम वरून यायचे. मार्च 1990 मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, मे महिन्यात निवडणुका झाल्या, आणि मालमत्ता, अंदाजपत्रक, निर्णय हे सगळं गावाच्या हाती आलं. पुढे 2009 च्या कायद्यानं अंदाजपत्रकातला एक हिस्सा गावसभेनं स्वतः ठरवून खर्च करायची सोयही झाली, मात्र तो हिस्सा वेगळा काढायचा की नाही हे परिषदेनं ठरवायचं. तिशीतला पोलिश माणूस लोकशाही म्हणजे काय ते संसदेतून कमी आणि गावातल्या शाळेच्या छपरावरून जास्त शिकला, असं म्हणायला हरकत नाही.

इस्तेब्ना ज्या प्रांतात येते त्याचं नाव सिलेसिया. हे नाव ऐकलं की पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढे कोळशाच्या खाणी, कातोवित्सेचे पोलाद कारखाने आणि काळवंडलेल्या विटांची घरं येतात. त्याच प्रांताच्या दक्षिण शेपटाला ही हिरवी गावं आहेत. दोघांचा संबंध जुना. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, खाणपट्ट्यातल्या क्षयी मुलांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून प्रांत सरकारनं इस्तेब्नाच्या हद्दीत कुबालोन्का खिंडीपाशी मुलांचं आरोग्यधाम बांधलं. आज खाणपट्ट्यातली माणसं शनिवार-रविवारी त्याच रस्त्यानं येतात. हिवाळ्यात स्की करायला, उन्हाळ्यात चालायला.

पाणी कुठे जातं

विस्वा गावातून कुबालोन्काची खिंड चढून पलीकडे उतरलं की इस्तेब्ना लागते. खिंडीची उंची 760 मीटरच्या आसपास. उत्तरेला 1220 मीटरचा बारान्या गुरा हा डोंगर आहे. पोलंडची सर्वांत मोठी नदी विस्तुला त्याच्याच उतारावर उगम पावते, पण पलीकडच्या, विस्वाच्या बाजूला. इस्तेब्नाच्या वाट्याला आलेली नदी म्हणजे ओल्झा. गांचोर्का डोंगराखाली तिचा उगम होतो, ती तिन्ही गावांचं पाणी घेते, चेक हद्दीत जाते, चेशिन शहराला मधोमध चिरते आणि ओडर नदीला मिळते. ते पाणी बाल्टिक समुद्रात जातं.

याव्होझिंकाच्या बाजूचा चादेच्का ओढा मात्र दक्षिणेला वळतो. स्लोव्हाकियातल्या नद्यांमधून तो डॅन्यूबला मिळतो आणि काळ्या समुद्रात पोचतो. युरोपचा मुख्य जलविभाजक असा या ग्मिनेच्या अंगावरून गेला आहे. कोन्याकुवच्या डोक्यावर ओखोजिता नावाची 895 मीटरची बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी तिन्ही देशांचे डोंगर दिसतात, आणि दूरवर तात्रांची बर्फाळ रांगही.

घरं एका जागी दाटीनं नाहीत. डोंगरउतारांवर, एकमेकांना हाक पोचेल न पोचेल अशा अंतरावर वाड्या विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येक वाडीला नाव आहे. जमीन पातळ, उन्हाळा आखूड, बर्फ लांब. शतकानुशतकं इथे ओट आणि बटाटा पिकला, कोबी आंबवून ठेवला गेला, आणि उरलेलं पोट मेंढीनं भरलं. वारसाहक्कानं शेतं वाटली जात गेली आणि अरुंद पट्टे होत गेले. एवढ्याशा शेतावर घर चालणं कधीच शक्य नव्हतं. इथल्या प्रत्येक परंपरेमागे ही एक गोष्ट उभी आहे.

मेंढ्यांबरोबर आलेली माणसं

इस्तेब्नाची वस्ती सोळाव्या शतकाच्या अखेरची, याव्होझिंका आणि कोन्याकुव त्याहून धाकटी. पण इथली मेंढपाळी या गावांपेक्षा पुरातन आहे. चौदाव्या ते सतराव्या शतकांत बाल्कन आणि रोमेनियाकडचे मेंढपाळ, ज्यांना व्लाख म्हणतात, कार्पेथियन डोंगररांग धरून पुढे पुढे सरकत आले. वाटेत स्लोव्हाक, रुथेनियन, पोलिश माणसं त्यांच्यात मिसळली आणि बोली बदलत गेल्या. टिकला तो धंदा, आणि धंद्याचे शब्द. आजही मेंढपाळांचा म्होरक्या इथे ‘बात्सा’ असतो, त्याच्या हाताखालचा राखण्या ‘यूहास’, आणि ‘ब्रिंजा’ या चिजचं नाव रोमेनियापासून इथपर्यंत थोड्याफार फरकानं तेच आहे.

या धंद्याची रचना मोठी हुशारीची होती. एका घराकडे पाच-दहा मेंढ्या, तेवढ्यासाठी माणूस डोंगरावर पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून वसंत ऋतूत सगळ्या घरांच्या मेंढ्या एकत्र करून एका कळपाचा ‘सावाश’ उभा राहायचा. बात्साकडे कळप सोपवताना प्रत्येकाच्या मेंढ्यांचं दूध मोजलं जायचं आणि त्या मापानं हंगामभराचं चिज घराला मिळायचं. मेंढ्या एकत्र करण्याच्या विधीला ‘मिएशानिए’ म्हणतात. कोन्याकुवमध्ये तो आजही मे महिन्याच्या सुमारास होतो. कळपाला धूप दाखवतात, पवित्र पाणी शिंपडतात, बात्सा प्रार्थना म्हणतो, आणि सगळ्या मेंढ्यांना एकत्र फिरवतात, म्हणजे हंगामभर त्या फुटणार नाहीत. त्यात श्रद्धा आहे आणि व्यवहारही. अनोळखी मेंढ्यांना एकमेकींची सवय लावायला तेवढा वेळ लागतोच.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था मोडली, आणि ती मोडली लोखंडासाठी. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याच्या चेशिन जहागिरीत होता. जहागिरीनं 1839 मध्ये जवळच त्र्शिनेत्स इथे लोखंडाचा कारखाना काढला. भट्ट्यांना लाकूड हवं होतं, जंगल हे उत्पन्न झालं आणि मेंढ्या जंगलाच्या शत्रू ठरल्या. मेंढपाळांचे चराईचे हक्क पैसे देऊन किंवा तुकडाभर जमीन देऊन काढून घेण्यात आले. मोकळ्या झालेल्या कुरणांवर आणि तोडलेल्या बीच-फरच्या जागी एकाच जातीचं झाड लागलं, स्प्रूस. भराभर वाढणारं, सरळसोट, विकायला सोयीचं.

त्यातूनच एक अनपेक्षित कीर्ती मिळाली. इथल्या स्प्रूसचं लाकूड आणि वाढ इतकी उत्तम निघाली की ‘इस्तेब्नाचा स्प्रूस’ हे वनशास्त्रात एक नाव झालं. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांच्या लागवड-चाचण्यांत त्याचं बी वरच्या क्रमांकावर राहिलं. पण एकच झाड लावलेलं जंगल ठिसूळ असतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या कारखान्यांचा धूर आला, मग दुष्काळी उन्हाळे, मुळांना बुरशी आणि सालीखालचे भुंगेरे. 2000 नंतरच्या वर्षांत बेस्किडचे उतारच्या उतार वाळले आणि तोडावे लागले. आता वनखातं बीच आणि फर परत आणत आहे. याव्होझिंकाच्या हद्दीत विर्खचादेच्का या वाडीवर कार्पेथियन झाडांच्या बियांची बँक आहे, आणि तिथेच जंगलातून जवळपास नाहीसा झालेला कॅपरकेली हा मोठा रानकोंबडा वाढवून सोडला जातो.

मेंढ्यांनाही तसंच परत आणावं लागलं. 1989 नंतर लोकरीचा भाव कोसळला, सरकारी खरेदी थांबली आणि कळप खाटकाकडे गेले. मेंढ्या गेल्यावर कुरणांत झुडपं माजली, डोंगरी फुलं दिसेनाशी झाली. तेव्हा लक्षात आलं की हे कुरण निसर्गानं दिलेलं नव्हतं, मेंढीनं चरून राखलेलं होतं. सिलेसिया प्रांतानं 2007 मध्ये ‘ओव्त्सा प्लुस’ नावाची योजना आणली. चराईला अनुदान, कारण चराईमुळे कुरण जगतं. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, ओस्त्सिपेक या धुरी दिलेल्या चिजला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. ते बनवायला परवानगी असलेल्या ठरावीक डोंगरी मुलखात इस्तेब्ना ग्मिना आहे. निम्म्याहून जास्त दूध मेंढीचं हवं, आणि चराईच्या हंगामातलंच हवं, असा नियम आहे. चातीच्या आकाराचं, लाकडी साच्यात नक्षी उमटवलेलं हे चिज मिठाच्या पाण्यात मुरवून छपराखालच्या धुरात टांगतात. तेव्हा त्याला तो सोनेरी तपकिरी रंग येतो.

2013 मध्ये कोन्याकुवचा बात्सा प्योत्र कोहुत आणि त्याचे साथीदार यांनी एक विलक्षण गोष्ट केली. मे महिन्यात रोमेनियातून मेंढ्यांचा कळप घेऊन ते निघाले आणि व्लाखांच्या जुन्या वाटेनं कार्पेथियन ओलांडत सप्टेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकात पोचले. अंतर सुमारे 1200 किलोमीटर. सीमेवर पशुवैद्यकीय कागदपत्रांनी त्यांना जेवढं अडवलं, तेवढं डोंगरांनी अडवलं नसेल. पण पाच देशांतल्या मेंढपाळांना आपण एकाच बिरादरीचे आहोत, हे त्या वाटेवर पुन्हा कळलं.

कपाळावरची लेस

आता पुन्हा लेसकडे. डोंगराळ सिलेसियाची बाई लग्नापर्यंत मोकळ्या वेणीनं वावरायची. लग्नाच्या रात्री, नाचगाणी रंगात आली की, ‘ओचेपिनी’ नावाचा विधी होतो. नवरीच्या डोक्यावरचा हार उतरवतात आणि बायका मिळून तिला टोपी घालतात. मुलगी बाई झाली, हे गावानं पाहायचं असतं. या टोपीचा कपाळावर येणारा पट्टा क्रोशानं विणलेला असायचा. कोन्याकुवची लेस जन्माला आली ती या चार बोटांच्या पट्ट्यावर, एकोणिसाव्या शतकात. रविवारी चर्चला गेलं की कोणाचा पट्टा कसा आहे हे सगळ्यांना दिसायचं. स्पर्धा होती, चोरून नमुने पाहणं होतं, आणि म्हणूनच नवी नवी फुलं निघत गेली.

टोप्या वापरातून गेल्या तेव्हा सुई थांबली नाही. शहरातून हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांना टेबलावरचे रुमाल, उशीचे अभ्रे, कॉलर, हातमोजे हवे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लेस गावाबाहेर विकली जाऊ लागली. हे काम संघटित करणाऱ्यांत मारिया ग्व्हारेक यांचं नाव पहिलं येतं. 1896 ते 1962 हा त्यांचा काळ. त्यांच्या घरातली स्मृतिखोली आज छोटं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी ‘त्सेपेलिया’ ही लोककलांची संस्था आली. तिनं शेकडो बायकांना घरबसल्या काम दिलं, दोरा पुरवला, माल उचलला, पेन्शनचा हक्कही दिला. ज्या व्यवस्थेला पोलिश माणूस एरवी शिव्या घालतो, तिनंच ही कला हजारो घरांच्या टेबलावर पोचवली हे मान्य करावं लागतं.

पद्धत अशी. बारीक सुती दोरा, पांढरा किंवा साईच्या रंगाचा. बारीक आकड्याची क्रोशाची सुई. कागदावर नक्षी काढलेली नसते. प्रत्येक फूल, पान, तारा वेगळा विणायचा आणि मग ते तुकडे जाळीनं जोडत मधून बाहेर वाढत जायचं. शेवटी धुऊन, खळ घालून, टाचण्यांनी ताणून वाळवायचं. दोन लेसा सारख्या होत नाहीत. गावातली जाणती बाई तुकडा पाहून तो कोणाच्या हातचा, किंवा निदान कोणत्या घरच्या वळणाचा, ते सांगते. विणणं दिवसभर चालत नाही. गाई, चूल, शेत, मुलं सगळं आवरल्यावर संध्याकाळी आणि लांब हिवाळ्यात हे काम होतं. मुली सहा-सात वर्षांच्या असताना आईच्या शेजारी बसून शिकत आल्या आहेत.

2013 मध्ये गावातल्या पाच जणींनी मिळून पाच मीटर व्यासाची लेस विणली. तिच्यात सुमारे आठ हजार तुकडे जोडलेले आहेत. 2017 मध्ये ही कला पोलंडच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. पुढे गावात लेसचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं, तिथे शिकवण्याचे वर्ग चालतात. ‘कॉम दे गार्सों’ या जपानी फॅशन घराण्यानंही या बायकांकडून काम करून घेतलं. ज्या भांडणानं हा लेख सुरू झाला, त्याचा निकाल कोणी जाहीर केला नाही. वेदीसाठी विणणाऱ्या वेदीसाठी विणतात, इतर जणी लग्नाचे पोशाख, कानातले आणि हो, त्या चड्ड्याही विणतात. काही घरांत एकच बाई दोन्ही करते.

दर तासाला काय पडतं, हा प्रश्न मात्र अवघड आहे. एका मोठ्या टेबलक्लॉथला महिनोन्‌महिने जातात. त्याची खरी मजुरी लावली तर पोलिश मध्यमवर्गाला तो परवडत नाही, आणि बाजारात यंत्रावर विणलेली स्वस्त नक्कल तयार असते. जी मुलगी चेशिनच्या दुकानात किंवा सीमेपलीकडच्या कारखान्यात नोकरी करू शकते, ती सुईवर पोट कशाला चालवेल?

सीमा, बोली, वाद्यं

इस्तेब्नाच्या म्हाताऱ्यांनी घर न बदलता राज्यं बदललेली पाहिली. 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी. पहिल्या महायुद्धानंतर चेशिन सिलेसियावर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनी हक्क सांगितला, आणि जुलै 1920 मध्ये तो प्रदेश विभागला गेला. चेशिन शहराच्या मधून सीमा गेली. इस्तेब्ना पोलंडमध्ये, पण जिथे ही माणसं बाजाराला जायची ते याब्लुन्कोव पलीकडे. याव्होझिंकाची एक वाडी, ह्रचावा, 1920 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाकडे गेली आणि आज ती चेक देशाच्या सर्वांत पूर्वेकडच्या गावांपैकी एक आहे. 1938 मध्ये पोलंडनं पलीकडचा भाग ताब्यात घेतला, 1939 मध्ये जर्मनीनं सगळंच गिळलं आणि हा मुलूख थेट राइशला जोडला. 1945 नंतर पुन्हा 1920 चीच रेषा.

21 डिसेंबर 2007 रोजी तिन्ही देश शेंगेन करारात आले आणि पहारे उठले. याव्होझिंकाच्या ट्शित्सातेक वाडीखाली तीन देश मिळतात तिथे तीन ग्रॅनाइटचे खांब उभे आहेत. उन्हाळ्यात तिथे सायकलवाले एका देशात डबा उघडतात आणि दुसऱ्यात बसून खातात. पलीकडच्या याब्लुन्कोव परिसरातही तीच डोंगरी माणसं, तोच पोशाख. तिथल्या पोलिश अल्पसंख्याकांचा ‘गोरोल्स्की श्विएन्तो’ हा उत्सव दर उन्हाळ्यात भरतो, तेव्हा इस्तेब्नाचे गट नाचायला जातात.

बोली तीच आहे. प्रमाण पोलिश शाळेत, घरी ‘पो नाशिमू’, म्हणजे आपल्या पद्धतीनं. त्यात पोलिशचा गाभा, जर्मन हत्यारं, चेक वळणं आणि व्लाखांचे मेंढपाळी शब्द एकत्र नांदतात. क्रोशा विणण्याला इथे जर्मनवरून आलेलं ‘हेक्लोवाच’ म्हणतात.

धर्माची गोष्टही सीमेची आहे. खिंडीपलीकडचं विस्वा हे पोलंडमधलं लुथरन पंथाचं ठळक केंद्र. खिंडीच्या अलीकडे तीन गावं कट्टर कॅथलिक. सोळाव्या शतकात सगळा चेशिन प्रदेश प्रोटेस्टंट झाला होता, मग जेझुइट मिशनरी डोंगरांत फिरले आणि इथली माणसं परत वळली. इस्तेब्नाचं आजचं चर्च 1794 चं, उत्तम मेंढपाळ येशूच्या नावाचं. मेंढपाळांच्या गावाला याहून योग्य नाव मिळालं नसतं. त्याच्या आतली चित्रं लुद्विक कोनार्झेव्स्की आणि यान व्हावाख यांची. व्हावाख 1884 मध्ये इस्तेब्नात जन्मले, क्राकुव आणि पॅरिसला शिकले आणि परत येऊन 1979 पर्यंत आपल्या लाकडी घरात राहिले. त्यांच्या लाकडी ठशांच्या छापचित्रांत शेजारीपाजारी, मेंढपाळ, म्हाताऱ्या आहेत. ही माणसं त्यांना चेहऱ्यानं ठाऊक होती.

संगीताचं घर म्हणजे काव्हुलोकांची ‘कुर्ना खाता’. 1863 चं हे लाकडी घर धुराड्याशिवायचं आहे. चुलीचा धूर खोलीच्या वरच्या भागात साठतो आणि फटींतून बाहेर जातो, म्हणून ओंडके कोळशासारखे काळे आहेत. इथे यान काव्हुलोक राहिले, 1899 ते 1976. ते कथाकार, वादक आणि वाद्यं बनवणारे. ‘गाइडी’ हे बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, त्यात भात्यानं हवा भरतात आणि एक लांब नळी अखंड षड्ज धरून ठेवते. सोबतीला एक व्हायोलिन. इथल्या जुन्या नाचाला एवढंच पुरायचं. युद्धानंतर अकॉर्डियननं ही जोडी मागे ढकलली. काव्हुलोकांनी शिकवलेल्या पिढीनं ती पुढे आणली आणि आज इस्तेब्नाची तरुण मुलं गाइडी बनवतातही. 1964 पासून भरणाऱ्या ‘बेस्किड संस्कृती सप्ताहा’नं अशा गटांना मंच दिला.

पोशाखही सणावाराला दिसतो. पुरुषांची पांढऱ्या लोकरीची विजार, तांबूस जाकीट आणि खांद्यावर नुसता टाकलेला गडद ‘गुन्या’. बायकांच्या सदऱ्याची भरतकाम केलेली कॉलर, आणि पायात चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले ‘किर्पत्से’. पहिल्या कम्युनियनला आणि कॉर्पस क्रिस्तीच्या मिरवणुकीला मुलं हा पोशाख घालतात. त्यासाठी शिंपी, चांभार आणि लोहार अजून ग्मिनेत काम करतात.

माणसं वाढतात तिथे

पोलंडची लोकसंख्या घटत आहे. 2021 च्या जनगणनेत ती 3 कोटी 80 लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर दरवर्षी उतरते आहे. जन्मदर युरोपातल्या सर्वांत कमी दरांत मोडतो, आणि पूर्वेकडची अनेक खेडी म्हाताऱ्यांची झाली आहेत. इस्तेब्ना ग्मिनेची वस्ती 2006 मध्ये 11 हजारांच्या थोडी वर होती, ती बारा हजारांच्या घरात गेली. मोठी कुटुंबं, चर्चशी घट्ट नातं, आणि वडिलांच्या जमिनीवर मुलानं घर बांधायची रीत ही त्याची कारणं सांगितली जातात. पण रोजगार हे त्याहून मोठं कारण आहे. इथला पुरुष सुतार, छप्परवाला, बांधकाम मजूर म्हणून ऑस्ट्रियात, चेक देशात, खाणपट्ट्यात कामाला जातो आणि पैसा घरी आणतो. बाई पाहुण्यांना खोल्या देते, चिज विकते, विणते. एका घरात चार उत्पन्नं, त्यांतलं एकही एकट्यानं पुरेसं नाही. जुना पातळ जमिनीचा हिशोब आजही तोच आहे.

याला उलट्या बाजूही आहेत. जमिनीचे भाव शहरी सुट्टीवाल्यांमुळे वाढले. उतारांवर भाड्याच्या बंगल्यांच्या रांगा उठतात आणि बात्साला कळप न्यायला सलग कुरण मिळेनासं होतं. हिवाळ्यातलं बर्फ पूर्वीइतकं भरवशाचं राहिलेलं नाही, त्यामुळे नुसत्या स्कीवर गाव उभं राहणार नाही. घरं कुठे बांधायची आणि कुरण कुठे राखायचं, हे ठरवणारा विकास आराखडा ग्मिनेची परिषद मंजूर करते. म्हणजे मेंढ्यांची वाट उरेल की नाही, याचं उत्तर पंधरा लोकप्रतिनिधींच्या मतदानात आहे आणि त्या मतदारांमध्ये बात्सा अल्पसंख्य आहे.

तरीही या गावांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. इथे ‘आमची प्राचीन परंपरा’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलं किंवा अलीकडचं आहे. मेंढ्या बाल्कनमधून, स्प्रूस हाब्सबर्गच्या हिशोबातून, रुमालांची बाजारपेठ सरकारी संस्थेमुळे. त्याची लाज कोणाला वाटत नाही. परंपरेला कौतुक पुष्कळ मिळतं आणि मजुरी कमी. या तीन गावांतल्या बायका-पुरुषांनी दर वेळी नवं गिऱ्हाईक शोधून मजुरी मागितली, अनुदान मागितलं, कायद्याचं संरक्षण मागितलं. ते मिळालं तितकी परंपरा उरली, आणि जिथे मिळालं नाही तिथे ती संग्रहालयात गेली.

पोलंडला जाणारा मराठी प्रवासी बहुधा वॉर्सा, क्राकुव आणि ऑशविट्झ करून परततो. क्राकुवहून इस्तेब्ना दीडशे किलोमीटरच्या आत आहे. गेलात तर मे ते सप्टेंबर या काळात जा, म्हणजे कळप कुरणावर असतील. लेस दुकानातून न घेता विणणारीच्या घरून घ्या, किती संध्याकाळी लागल्या ते विचारा, आणि भाव करू नका.